सायकलवाल्याचं स्थळ

लग्नसराई जवळ आली हे आमच्या घरात पंचांगावरून कळत नाही, टॉवेलांवरून कळतं. आहेराचे टॉवेल. पांढरे, काठाला लाल नाहीतर हिरवी पट्टी, एका धुण्यात निम्मे होणारे, कुणीही कधीही अंग न पुसलेले, एका मांडवातून दुसऱ्या मांडवात नुसते फिरत राहणारे. थंडी सरली की शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचे गठ्ठे येऊन पडतात आणि आई मशीनवर कडा मारायला बसते. कोऱ्या सुताचा, खळीचा वास भिंतींना लागतो, भाकरीला लागतो. पंखा लावला की तंतू उडतात, बंद केला की जीव जातो. माझा मोठा भाऊ, दादा, हे टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर विणतो, आई घरात शिवते, आणि मग ते कुणाच्या तरी मामाच्या खांद्यावर टोपीसोबत जाऊन पडतात. निम्म्या जिल्ह्याचा मान आमच्या घरातून बाहेर जातो. परत आलेला मी पाहिलेला नाही.

यंदाही गठ्ठे आले. यंदाही गल्लीच्या तोंडाशी वरातीचा पहिला ट्रॅक्टर उभा राहिला, त्याच्यावर रचलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी आमच्या कपाटातली भांडी हलवली, आणि यंदाही मी दार लावून घेतलं.

ऋतूंवर लिहिणारी माणसं बहुतेक त्या ऋतूच्या प्रेमात असतात. मी नाही. सोलापूरचा उन्हाळा आणि त्याच्या पोटात येणारी लग्नसराई मला आवडत नाही, आणि काही वर्षांपूर्वीची ती एक तर मी विसरायलाही तयार नाही. विसरलं की माणूस समजूतदार होतो. मला इतक्यात समजूतदार व्हायचं नाही.

त्या वर्षी ऊन होळीची वाट न बघता आलं होतं. सकाळी पहिल्या पाळीला निघालेल्या माणसांच्या सावल्या अजून लांब असायच्या, तरी डांबर गरम. अक्कलकोट रोडला त्या वेळेला उभं राहून कधी बघा. सायकलींची रांग असते. एकामागे एक, घाई नाही, बोलणं नाही, हँडलला कापडी पिशवीत डबा, डोक्यावर कारखान्यातला डागी निघालेला टॉवेल ओला करून गुंडाळलेला. तो टॉवेल नाक्यापर्यंत वाळतो. मग रसवंतीच्या बाजूच्या नळावर पुन्हा भिजवायचा, पुन्हा निघायचं. कुठेतरी कडुलिंब फुललेला असतो आणि त्याचा गोड वास एका वळणापुरता मिळतो, पुढे लगेच ट्रकचा धूर. संध्याकाळी तीच रांग उलट्या दिशेने. आता सगळ्यांच्या भुवयांवर, मिशांवर, कानाच्या पाळ्यांवर सुताची पांढरी लव. लांबून वाटतं म्हाताऱ्यांची फौज चालली आहे. जवळ आल्यावर कळतं की त्यातली निम्मी पोरं आहेत.

त्या रांगेत दादा होता. त्याची सायकल काळी, वडिलांच्या वेळची, दांड्याला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळलेली. वडील गेले, सायकल राहिली. दादाने तिच्यावर कधी प्रेम वगैरे केलं नाही. चेनला तेल घालायचा, पंक्चर निघालं की शिव्या घालायचा, बस्स. ती त्याला कामावर न्यायची आणि परत आणायची. एवढंच काम, आणि ते ती करायची.

मी मात्र प्रेमात होते, सायकलीच्या नाही, सायकलीच्या विचाराच्या. मी एका छोट्या गटात काम करते. आम्ही पत्रकं काढतो, शाळांतून बोलतो, सिग्नलला उभं राहून वाटतो. जवळच्या अंतराला सायकल वापरा. एका गाडीतून चार जण जा. भाजी आणायला इंजिन कशाला चालू करता. मला हे लिहिता येतं. छोटी वाक्यं, एका वाक्याला एक घाव. वाटायला गेलं की कळतं घाव कुणाला बसतो. मोटारीची काच बोटभर खाली येते, आतली थंड हवा हातावर येते, पत्रक आत जातं, काच वर. पुढच्या सिग्नलला तेच पत्रक रस्त्यावर दिसतं. आणि जे थांबून, पाय टेकवून, ओठ हलवत पूर्ण वाचतात ते सायकलवरचे असतात. वाचून झालं की विचारतात, ताई, हे आमाला कशाला?

बरोबर विचारतात. त्या वेळी मी हसून सोडून द्यायची. आता देत नाही. या शहराची हवा जी काही थोडीफार बरी राहिली आहे ती या लोकांच्या पोटऱ्यांवर राहिली आहे, आणि आपण त्यांना जाऊन सांगतो, पर्यावरण वाचवा.

दादाचं लग्नाचं वय झालं होतं. खरं तर होऊन पुढे सरकत होतं. आमच्याकडे स्थळ बघायला माणसं येतात तेव्हा विचारायच्या गोष्टींचा एक क्रम असतो. शेती किती, घर स्वतःचं का भाड्याचं, नोकरी पक्की का कशी, आणि मग चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता, सहज विचारल्यासारखं, गाडी कुठली. या शेवटच्या प्रश्नाला आमची स्थळं मोडायची. सुपारी, दारू, पत्ते यांतलं काहीही दादाच्या अंगाला नव्हतं, पण त्याची कुणी बेरीज धरत नव्हतं. आईने एक युक्ती काढली होती. पाहुणे येणार असले की शेजारच्यांची मोटारसायकल मागून आणून दारात आडवी उभी करायची. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा पाहुण्यांनी तिच्यावर हात फिरवत दादाला ॲव्हरेज विचारलं. दादा म्हणाला, शेजाऱ्यांना विचारून सांगतो. आईने त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

मोडनिंबचं स्थळ आलं ते चैत्रात. या वेळी आम्हीच तिकडे जायचं होतं, म्हणजे दारात गाडी उभी करायचा प्रश्न नव्हता. एसटीने गेलो. खिडकीची पट्टी हाताला चटका देत होती. मुलीचं नाव सुवर्णा. तिचे वडील शेती करायचे आणि आठवडी बाजारात बी-बियाणं विकायचे. तिचा मामा सोलापुरातच कुठल्याशा ऑफिसात होता, त्याच्यामुळेच हे जुळून आलं होतं. घर नीटनेटकं. अंगणात सडा टाकलेला, तो आम्ही पोचेपर्यंत वाळून गेलेला. पोहे झाले, चहा झाला. मग तिच्या वडलांनी विचारलं, कशावर आलात. आई म्हणाली, एसटीनं. ते म्हणाले, तसं न्हाय, पोराकडं गाडी कुठली हाय? आईने तोंड उघडलं होतं, घ्यायची आहे असं काहीतरी ती म्हणणार होती, तेवढ्यात दादाने सांगून टाकलं.

"सायकल हाय."

मामा हसला. व्यायामाला चांगली, म्हणाला. वडील हसले नाहीत. त्यांनी दादाकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, खोटं बोलत न्हाय, एवढं तरी बरं हाय. मग दोघांना घराच्या मागे बोलायला पाठवलं.

तिथे काय बोलणं झालं ते दादाने मला येताना एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत, मधे मधे थांबत, जणू फार मोठं काही नव्हतंच. मागच्या पडवीत तिची सायकल होती. शाळेत असताना मुलींना वाटलेली, आकाशी रंगाची, पुढे टोपली. गावाबाहेरच्या शाळेला ती तिच्यावरून जायची, नंतर बाजारात वडलांचा डबा न्यायची. लग्न ठरायची वेळ आली तसं घरच्यांनी सांगितलं, आता बरं दिसत नाही. तरी ती सायकल पुसूनबिसून ठेवायची. तिने दादाला ना पगार विचारला ना घर. एकच विचारलं.

"मी माझी सायकल संगं आणली तर चालंल का?"

आणि दादा म्हणाला, "आण की."

एवढ्यावर ते दोघं घरात परत आले होते. एसटी हायवेची धूळ खात चालली होती, आई पुढच्या सीटवर डुलक्या घेत होती, आणि माझा भाऊ, ज्याला मी आयुष्यात कधी लाजताना पाहिलं नव्हतं, तो खिडकीच्या गजावर बोटांनी ताल धरत होता.

मी सांगते, त्या दिवसांत मला माझीच पत्रकं फिकी वाटायला लागली. आमच्या गल्लीत, त्या अरुंद बोळात, काळ्या सायकलीला टेकून एक आकाशी सायकल. ती सकाळी भाजीला निघाली आहे, टोपलीत मेथी. तो कामाला. कुणी कुणाला सोडायला जायचं नाही, कुणी कुणाची वाट बघत उभं राहायचं नाही. मी व्यासपीठावरून ज्याला शाश्वत जीवनशैली म्हणते ना, जो शब्द उच्चारताना माझीच जीभ अडखळते, तो शब्द मोडनिंबच्या एका मुलीने पडवीत उभं राहून एका साध्या प्रश्नात बोलून दाखवला होता. मला तिची भेट घ्यायची फार घाई झाली होती.

सुपारी फुटायची राहिली होती. मामा म्हणाला होता, पंधरवड्यात कळवतो.

आता फ्लेक्सबद्दल.

शहरात सायकलींचं एक मंडळ होतं. नाव सांगत नाही, अशी मंडळं आता गावोगाव आहेत. रविवारी सकाळी अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून, गिअरच्या सायकली मोटारीच्या मागे बांधून शहराबाहेर न्यायच्या, तिथे चालवायच्या, पोहे खायचे, पुन्हा मोटारीला बांधून परत. मी त्यांना नावं ठेवत नव्हते. माणसं हसतमुख होती, आमच्या पत्रकांना कागद द्यायची. त्या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की खऱ्या सायकलवाल्यांचा सत्कार करायचा. एमआयडीसीतल्या कारखान्यांतून नावं मागवली. दादाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरने दादाचं नाव दिलं, कारण दादा कधी रजा घेत नाही. गेटवर थांबवून फोटो काढला. दादाला वाटलं ओळखपत्राचा असेल.

फ्लेक्स चौकात लागला तेव्हा मला कळलं. प्लॅस्टिकचा, चांगला दुमजली. वर हिरवी पानं, खाली पदाधिकाऱ्यांचे गोल गोल चेहरे, आणि मधोमध दादा. डोक्याला ओला टॉवेल, भुवयांवर सूत, हँडलला डबा, उन्हाने बारीक झालेले डोळे. खाली मोठ्या अक्षरात: पर्यावरणाचे खरे शिलेदार, आमचे गरीब पण जागरूक कामगार बंधू. गरीब पण जागरूक. हे ज्याने लिहिलं त्याला अजून शोधते आहे मी. माझ्या हातून असलं वाक्य गेलं असतं तर मी ते हात धुऊन काढले असते.

दादाने तो कामावर जाताना पाहिला. त्या दिवशी कारखान्यात मागांच्या खडखडाटातसुद्धा सगळ्यांचं बोलणं एकाच विषयावर होतं. त्याच्या शेजारच्या मागावरचा सलीम, दोघांची लहानपणापासूनची मैत्री, म्हणाला, "क्या नवरदेव, फोटू तो लग गया चौक में. अब हार हौर अगरबत्ती बाकी है." दादा हसला असणार. हसलाच. घरी येऊन त्याने हे आईला सांगितलं तेव्हाही हसत होता. आई हसली नाही. तिला फोटोचा अर्थ आधी कळला.

चौकातूनच मामाचा जायचा रस्ता. त्याने मोबाइलवर फोटो काढून मोडनिंबला पाठवला. त्याबरोबर त्याने जे म्हटलं ते आमच्यापर्यंत फिरत फिरत आलं: सत्कार कुणाचा करत्यात? ज्याच्याकडं कायबी नसतं त्याचा.

मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांचं ऑफिस थंड होतं, टेबलावर छोटं रोप होतं. मी म्हटलं, फ्लेक्स आजच्या आज उतरवा. त्यांना धक्का बसला. अहो, हा सन्मान आहे, म्हणाले. आम्ही हेल्मेट देणार आहोत, शाल देणार आहोत. मी त्यांना स्थळाचं सांगितलं. ते मनापासून हळहळले. समाजाची मानसिकता, म्हणाले. सायकल चालवण्यात लाज कसली, हाच तर आमच्या मंडळाचा संदेश आहे. मला तेव्हा राग आवरला नाही. मी विचारलं, तुमच्या मुलीसाठी असं स्थळ आलं तर? रोज सायकलने कामाला जाणारा, निर्व्यसनी, स्वभावाने चांगला?

ते हसले. "ताई, तो विषय वेगळा आहे."

वेगळा कसा, हे मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. सायकल ही ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्या हातात तब्येत असते, छंद असतो, विचार असतो. ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात ती फक्त नसण्याचा पुरावा असते. तीच दोन चाकं, तीच चेन. एकाला त्याच्यावर टाळ्या पडतात आणि दुसऱ्याला मुलगी मिळत नाही. आणि मग आम्ही पत्रकात विचारतो, लोक सायकल का सोडतात बरं?

फ्लेक्स उतरला, सत्कार झाल्यावर. दादा सत्काराला गेला नाही. चौकात दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचा होता, म्हणून उतरला. पत्रावळीसारखा गुंडाळून टेम्पोत टाकलेला मी पाहिला, दादाच्या कपाळावर घडी पडलेली.

आणि तरी मोडनिंबचे लोक आले. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नाहीतर हे फार सोपं होईल, वाईट माणसांची गोष्ट होईल. तिचे वडील वाईट नव्हते. दादाच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी मामाला घेऊन आले, मामाच्याच गाडीवर. घाम पुसत आत आले. आमच्याकडे खुर्च्या दोनच, त्यावर टॉवेल रचलेले, म्हणून ते गठ्ठ्यावरच टेकले. आईने सरबत केलं. मागच्या खोलीत मी कडा मारत होते, ते मशीन थांबवलं आणि एकदम इतकं शांत झालं की त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हे बघा," ते म्हणाले, "पोरगं आमाला पसंत हाय. पोरीलाबी हाय. त्या फोटूचं मी मनावर घेत न्हाय. गाडी आमी देतो. मांडवात उभी करतो हार घालून, चार मानसांच्या देखत. फकस्त त्यानं परत सायकलीवर बसायचं न्हाय."

आईच्या चेहऱ्यावर काय उजळलं ते मला अजून दिसतं. तिच्या दृष्टीने सगळंच सुटलं होतं. ती दादाकडे बघत होती, म्हण की हो, म्हण.

आमच्याकडच्या लग्नांत हे तुम्ही पाहिलं असेल. मांडवाच्या दारात नवी कोरी मोटारसायकल, प्लॅस्टिक न काढलेलं, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर स्वस्तिक, पुढे फुटलेला नारळ. माणसं आधी तिला बघतात मग नवरा-नवरीला. ती कुठे जाण्यासाठी नसते, दिसण्यासाठी असते. नंतर ती जाते, अर्थातच, नाक्यावर पानाला, गल्लीतल्या गिरणीला, जिथे पायी पोचायला बोलता बोलता वेळ लागतो तिथेही. कारण मांडवात उभी केलेली गाडी घरात उभी ठेवून चालत गेलं तर सासऱ्याचा अपमान. या शहरात पेट्रोल अंतरासाठी जळत नाही, अब्रूसाठी जळतं. त्याच्यावर कुठलं पत्रक लिहायचं ते मला कुणीतरी सांगा.

दादाने सरबताचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "गाडी नको मला. द्यायचंच असंल तर तिची सायकल तिच्यासंगं येऊ द्या."

"कुठली सायकल?"

"तिची. शाळेतली."

मामाला आधी समजलंच नाही, मग तो फिस्सकन हसला. म्हणाला, फुकट वाटलेली सायकल मागतोय व्हय लग्नात? पण वडील हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू बंद झाला. नवी गाडी द्यायला निघालेल्या माणसाकडे कुणी गंजकी सायकल मागितली तर त्याला काय ऐकू येतं? त्यांना ऐकू आलं की हा पोरगा आपली औकात काढतोय. तुमची गाडी ठेवा, तुमच्याकडे भंगारच असणार, तेच द्या, असं.

"दारात मागायला आला असतास तर दिलं असतं भंगार," ते उठत म्हणाले. "पोरीच्या लग्नात भंगार मागतोस?"

एक वाक्य बाकी होतं. सायकल त्यांच्याच मुलीने मागितली होती. ते बोलायला मी पुढे झाले आणि दादाने माझ्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. ते सांगितलं असतं तर गाडी चालू व्हायच्या आत तिचा निकाल घरी पोचला असता, पुरुषाशी पहिल्या भेटीत काय काय बोलली म्हणून. सरबताचे पेले अर्धे तसेच राहिले. बाहेर गल्लीत मामाची गाडी दोन किकांत चालू झाली, तिसरी लागली नाही.

लग्न मोडलं ते मोडलं, वर एक किस्सा तयार झाला. सोलापूरच्या स्थळानं हुंड्यात जुनी सायकल मागितली. तो किस्सा मोडनिंबहून कुर्डुवाडीला गेला, तिथून आईच्या माहेरी. लोक मांडवात जेवताना सांगायचे आणि बुंदी घशात अडकेपर्यंत हसायचे. हुंडा मागणाऱ्याला कुणी हसत नाही, हे लक्षात घ्या. कमी मागणाऱ्याला हसतात.

सुवर्णाचा फोन मला एकदाच आला, मैत्रिणीच्या मोबाइलवरून. वैशाखाच्या सुरुवातीला. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता. तिने आधी दादाची तब्येत विचारली. मग म्हणाली, "ताई, मी बापाला सांगितलं, मला सायकलवाला चालतो. बाप म्हनला, तुला चालतो, मला चालत न्हाय." ती रडत नव्हती. मग म्हणाली, तुमच्या दादांनी माजं नाव सांगितलं न्हाय, ते मला कळलं. दादांना सांगा. एवढं बोलून फोन ठेवला. त्याच महिन्यात तिचं लग्न झालं, बार्शीकडे कुठेतरी. मांडवाच्या दारात हार घातलेली गाडी होती. आमच्या नात्यातलं एक माणूस त्या लग्नाला गेलं होतं आणि आहेरात मिळालेला टॉवेल आमच्याकडे दाखवायला घेऊन आलं. काठाला हिरवी पट्टी. आईने उलटून कड बघितली, स्वतःच्या हातची, आणि परत दिला.

पावसाळ्याच्या तोंडाला दादाने मोटारसायकल घेतली. हप्त्यावर. मी घरात होते, तो चावी खिळ्याला अडकवत होता. मी काही म्हटलं नव्हतं तरी तो म्हणाला, "तुमच्या लोकांनी मला पर्यावरण केलं. मला नवरदेव व्हायचं होतं."

मी त्याला पत्रकातलं एकही वाक्य ऐकवलं नाही.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. पहिल्याच स्थळाला. गाडी कुठली हा प्रश्न आला आणि गेला, मधे कपबशीचा आवाजसुद्धा झाला नाही. वहिनी चांगली आहे, मनमोकळी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती कुठेही निघाली की दादाची सुट्टी होईपर्यंत थांबते. माहेरी जायचं तर थांबते, दवाखान्यात जायचं तर थांबते. आमच्या दारात गाडी आहे आणि घरात एक माणूस कायम तयार होऊन बसलेलं असतं. दादा आता रांगेत नसतो. रांगच विरळ झाली आहे. सलीमनेही घेतली. सकाळी त्या रस्त्याला उभं राहिलं तर हॉर्न ऐकू येतात, आणि मधूनच एखादा ओल्या टॉवेलाचा म्हातारा, कडेकडेने, जागा मागत.

या उन्हाळ्यात अध्यक्षांचा फोन आला. मंडळ यंदा मोठा कार्यक्रम करतंय, कामगार सायकलपटू हवे आहेत, मागे तुमचे बंधू होते ना, त्यांना पाठवा, लोकांना तो चेहरा फार आवडला होता. मी सांगितलं, तो आता मोटारसायकलने जातो. मग ते अगदी मनापासून, दुःखाने म्हणाले, "अरेरे. कामगार वर्गात अजून म्हणावी तशी जागृती नाही हो."

फोन ठेवून मी नवीन पत्रक लिहायला बसले. सायकल चालवा असं त्यात कुठेही नाही. ते मुलींच्या बापांसाठी आहे. स्थळ बघायला जाल तेव्हा गाडी विचारू नका. मांडवात गाडी उभी करू नका. जावई कामाला कशावर जातो यावर तुमची अब्रू टांगू नका. सायकलवाल्याला मुलगी द्या. गटातले लोक म्हणाले, हा काय पर्यावरणाचा विषय आहे का. मी म्हटलं, हाच आहे, बाकीचे सगळे रविवारचे आहेत. आणि सिग्नल सोडून मी मंगल कार्यालयांच्या दारात उभी राहायला लागले.

गेल्या आठवड्यात असंच एका कार्यालयाबाहेर वाटत होते. ऊन डोक्यावर, आत अक्षता पडायच्या होत्या, बाहेर पंक्तीची भांडी खळखळत होती. एक गृहस्थ सावलीला येऊन थांबले. धोतर, टोपी, खांद्यावर आहेराचा टॉवेल, घडी न मोडलेला. त्यांनी पत्रक घेतलं आणि इतरांसारखं खिशात कोंबलं नाही. डोळ्यांपासून लांब धरून सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, गटाच्या नावासकट. मग म्हणाले, माझ्याबी पोरीचं बघायचं चाललंय. तुमचं हे पटतंय मला, खोटं कशाला बोलू. लई गाड्या झाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या आणि विचारलं, तुमच्या घरी लग्नाचं कुणी हाय का? भाऊ वगैरे?

मी म्हटलं, भावाचं झालं.

"काय करतो?"

"एमआयडीसीत आहे. मागावर."

"कशावर जातो कामाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. ती काळी सायकल, तो ओला टॉवेल, सगळं वर्णन तोंडावर तयार होतं, आणि पाच वर्षांपूर्वी ते खरंही होतं. मी खरं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. पत्रकाची पुन्हा नीट घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि ते माझ्या हातात परत दिलं.

"मग?" ते म्हणाले, आणि अक्षतांना उशीर होतोय म्हणून आत गेले.